बिनालोत पानात शिजत नाही!

फिलिपिनो जेवणाचा केळीच्या पानातला फोटो दिसला की आपल्याकडे हमखास कुणीतरी म्हणतं, ‘हे आपल्या पातोळ्यांसारखं, पानात उकडलेलं.’ बिनालोतच्या बाबतीत हे चूक आहे. फिलिपिन्सच्या तागालोग भाषेत ‘बालोत’ म्हणजे गुंडाळणं, आणि बिनालोत म्हणजे गुंडाळलेलं, बस्स! भात वेगळा शिजतो, आदोबो (व्हिनेगर-लसणातलं मांस) वेगळं. शेतावर न्यायचा हा डबाच म्हणा ना. पान मात्र आधी विस्तवावरून फिरवतात. कच्चं पान घडी घालताना शिरेवर फाटतं. धग लागली की ते चकचकीत, गडद हिरवं आणि मऊ होतं. त्यात वाफाळता भात, आदोबो, खारवलेलं अंडं, टोमॅटो ठेवून पुडी बांधतात. पानाचा वास भाताला लागतो तो या वाफेमुळे.

मग पानातच शिजतं ते काय? फिलिपिन्समधल्याच सेबू बेटाचं ‘पुसो’. नारळाच्या झावळीच्या पात्यांची विणलेली पिशवी, तीत कच्चे तांदूळ, तेही पुरते न भरता, कारण ते फुगतात. मग पिशवी पाण्यात उकळायची. भात इतका घट्ट बसतो की सुरीने चिरून खातात. चिकट तांदळाचं ‘सुमान’ही पानातच शिजतं. पातोळ्यांशी तुलना करायचीच, तर याची करा.