मुंबईवर पडलेली पांढरी धूळ आणि सॅटेलाइटची नजर

२३ जानेवारी २०२२, रविवार. मुंबईत गाडीच्या बॉनेटवर टाल्कम पावडर सांडावी तसा पांढुरका थर, बोट फिरवलं की रेघ उमटायची, आणि समोरच्या बिल्डिंगा धुरकट. आम्हाला वाटलं बाजूच्या साइटवरची धूळ असेल. पण सॅटेलाइटचे फोटो बघितले तर पाकिस्तानच्या किनाऱ्यावरून उठलेला धुळीचा पट्टा अरबी समुद्र ओलांडून गुजरात-महाराष्ट्राकडे येताना चक्क दिसत होता.

आज हे मोबाइलवर दिसतं, पण सप्टेंबर १९५० मध्ये पश्चिम कॅनडातल्या चिंचागा भागातल्या वणव्याचा धूर पूर्वेकडे पसरला, भरदुपारी अंधारलं, काहींना तर अणुयुद्ध सुरू झालं असं वाटलं, पुढे तो धूर युरोपात पोचून तिथे सूर्य निळा दिसला, तरी वरून बघणारं कोणीच नव्हतं. पहिला हवामान सॅटेलाइट टायरॉस-१ गेला १ एप्रिल १९६० ला, आणि त्याचे फोटो ढग बघण्यापुरते.

खरी मजा पुढे आहे. १९७८ मध्ये निंबस-७ या सॅटेलाइटवर टॉम्स नावाचं यंत्र गेलं, काम होतं ओझोन मोजायचं. ते अल्ट्राव्हायोलेट प्रकाश बघायचं, आणि धूर किंवा वाळवंटी धूळ हा प्रकाश शोषून घेते, म्हणून ओझोनचा हिशोब मांडताना अपेक्षित प्रकाश आणि मोजलेला प्रकाश यांत थोडा फरक उरायचा. १९९० च्या दशकात शास्त्रज्ञांनी त्या उरलेल्या फरकाचाच नकाशा काढला आणि जुन्या डेटामधून सहाराची धूळ, ॲमेझॉनचा धूर बाहेर आला! मला तर या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सगळ्यात भारी वाटते. फक्त जमिनीलगतचा धूर त्यात नीट पकडला जात नाही, उंचावरचा चांगला दिसतो.

मग डिसेंबर १९९९ मध्ये टेरा आणि २००२ मध्ये ॲक्वा हे सॅटेलाइट गेले, दोघांवर मोडिस कॅमेरा. समुद्रावर धूळ झकास दिसायची, पण वाळवंटावर? पिवळ्या वाळूवर पिवळी धूळ, ओळखायची कशी? त्यावर तोड निघाली ती निळ्या प्रकाशाची, कारण निळ्यात वाळू काळपट दिसते आणि धूळ उठून दिसते. युरोपच्या तेव्हाच्या नव्या मेटिओसॅट सॅटेलाइटने दर १५ मिनिटांनी इन्फ्रारेड, म्हणजे उष्णता टिपणारे फोटो द्यायला सुरुवात केली, त्यात धूळ गुलाबी रंगवतात, त्यामुळे रात्रीसुद्धा वादळाचा माग लागतो. राहता राहिली उंची, तर २००६ मध्ये कॅलिप्सो सॅटेलाइट लेझर घेऊन गेला आणि धुराचा थर किती किलोमीटरवर आहे ते सांगू लागला, २०२३ पर्यंत.

आपल्याकडे याचा खूप वापर होतो पंजाब-हरियाणात कापणीनंतर शेतात उरलेला भाताचा पेंढा जाळतात तेव्हा. तिथल्या २००९ च्या कायद्यांनी भूजल वाचवायला भाताची लावणी उशिरा करायला लावली, मग कापणी ऑक्टोबर-नोव्हेंबरवर गेली, आणि तेव्हा वारा पडलेला असतो, धूर दिल्लीवर बसून राहतो. आगी मोजणारे बरेचसे सॅटेलाइट दुपारी दीडच्या आसपास जातात. त्यानंतर, संध्याकाळी लावलेली आग त्यांच्या मोजणीतून बरेचदा निसटते. कोरियाचा सॅटेलाइट मात्र त्या भागावर दिवसभर नजर ठेवून असतो, त्याच्या फोटोत २०२४ मध्ये संध्याकाळी धूर वाढताना दिसला, म्हणून नुसता दुपारचा आकडा बघून आगी कमी झाल्या असं कोणी म्हणालं की आधी विचारा, फोटो किती वाजताचा?