स्वाइप मशीनचा अर्ज परत का येतो?

पार्लर असो, क्लास असो की दुचाकीचं गॅरेज, गिऱ्हाईक आता बिल होण्याआधीच विचारतं, "कार्ड चालतं का?" क्यूआर कोड दहा मिनिटांत भिंतीवर चिकटतो. क्रेडिट कार्ड घेणाऱ्या मशीनचा अर्ज मात्र तीन-तीनदा परत येतो आणि प्रत्येक वेळी मेसेज एकच: "डॉक्युमेंट मिसमॅच". कुठलं डॉक्युमेंट, कशाशी जुळत नाही, हे सांगायची तसदी कुणी घेत नाही. परत आलेले असे पुष्कळ अर्ज मी पाहिले आहेत. त्यातले बहुतेक नावावर अडलेले असतात.

एका पार्लरवाल्या ताईंची फाइल सांगतो. आधारवर सासरचं नाव, पॅनवर माहेरचं, दुकानाच्या पाटीवर मुलीचं आणि खातं साधं बचत खातं. कागद चारही खरे, पण बँकेच्या लेखी ती चार वेगळी माणसं. आधी पॅनवरचं नाव दुरुस्त करून घेतलं. तेवढं झाल्यावर पुढचं सगळं रांगेत लागलं.

म्हणून क्रम लक्षात ठेवा: पॅन आणि आधारवर अक्षर न् अक्षर एकच नाव, मग उद्यम नोंदणी (छोट्या व्यवसायाची सरकारी नोंद), मग शॉप ॲक्ट (दुकानाची नोंद), मग व्यवसायाच्या नावाने करंट खातं आणि सगळ्यात शेवटी मशीन. लोक नेमकं उलट करतात. दारात आलेल्या सेल्समनकडून आधी मशीनचा फॉर्म भरून घेतात आणि मग कागदांच्या मागे धावतात.

आता न सापडणाऱ्या कागदाबद्दल. एकट्याच्या मालकीच्या व्यवसायाचं खातं उघडताना बँक मालकाच्या ओळखपत्रांशिवाय व्यवसायाच्या नावाचे दोन पुरावे मागते. घरातून क्लास घेणारा म्हणतो, "माझ्याकडे काहीच नाही." असतं, किंवा आठवड्याभरात तयार होतं. उद्यम प्रमाणपत्र हा एक पुरावा. ते सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतं, फक्त आधारला मोबाइल जोडलेला हवा. हजार-दोन हजार मागणाऱ्या, सरकारी वाटणाऱ्या साइट्स खासगी दुकानं आहेत, तिथे पैसे भरू नका. दुसरा पुरावा शॉप ॲक्टचा, म्हणजे आपला गुमास्ता. दोन पुरावे देणं शक्यच नसेल, तर प्रत्यक्ष पडताळणी करून एकावर खातं उघडायची मुभा रिझर्व्ह बँकेच्या केवायसी, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवण्याच्या, नियमांत आहे. ती देणं बँकेच्या मर्जीवर आहे, पण मागायला हरकत नाही. काउंटरवरच्या माणसाला हा नियम ठाऊक नसेल तर व्यवस्थापकाला भेटा.

गुमास्त्यातही एक मेख आहे. महाराष्ट्राच्या 2017 च्या कायद्यानुसार वीसपेक्षा कमी (2025 च्या दुरुस्तीआधी दहापेक्षा कमी) कामगार असतील तर नोंदणी करावी लागत नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची. हाती येते ती पावती, प्रमाणपत्र नव्हे. परराज्यात बसून फाइल तपासणारा "लायसन्स कुठाय?" म्हणून ती परत पाठवतो. अशा वेळी पावतीसोबत दोन ओळींचं पत्र जोडा: कामगार वीसपेक्षा कमी असल्याने कायद्यानुसार सूचना पावतीच मिळते. या पत्राने अर्ज सुटलेले मी पाहिले आहेत.

जीएसटीवरूनही असाच गोंधळ. निव्वळ सेवा देणाऱ्याला साधारणपणे वर्षाला 20 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही आणि मशीनसाठीही ती लागत नाही. पण रकाना कोरा सोडला की फॉर्म अडतो. जीएसटी लागू नसल्याचं स्वघोषणापत्र जोडा.

पत्त्याचा पुरावा म्हणून लाइटबिल चालतं, पण ते सासऱ्यांच्या नावावर असेल तर त्यांचं ना हरकत पत्र हवं. जागा भाड्याची असेल तर नोंदणीकृत करार द्या आणि त्याची मुदत तपासा. अकरा महिने कधी संपले हे कुणाच्याच लक्षात नसतं. दुकानाच्या फोटोत पाटी दिसलीच पाहिजे. आपल्याकडे मराठी पाटी बंधनकारक, फॉर्म इंग्रजीत आणि तपासणाऱ्याला देवनागरी वाचता येत नाही, अशीही एक फाइल परत आली होती. पाटीवर मराठीखाली लहान इंग्रजी अक्षरांत तेच नाव लिहून घ्या. पॅन, आधार, कॅन्सल चेक, शिक्का हे नेहमीचंच.

सही करण्याआधी दरपत्रक पूर्ण वाचा. सेल्समन "चार्ज नाही" म्हणतो तो रुपे डेबिट आणि साध्या यूपीआयबद्दल. त्यावर 2020 पासून शुल्क नाही. इतर डेबिट कार्डांवर 20 लाखांपर्यंत उलाढाल असलेल्यांना मशीनवर जास्तीत जास्त 0.40 टक्के. क्रेडिट कार्डाला मात्र अशी सरकारी मर्यादा नाही. दोन टक्के दर धरला तर 3000 च्या बिलावर 60 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी 10.80, म्हणजे हातात 2929.20. हे गिऱ्हाइकाकडून वर मागू नका. डेबिट कार्डावर ते रिझर्व्ह बँकेच्या सूचनेविरुद्ध आहे आणि क्रेडिटसाठीही बहुतेक करारांत मनाई असते. मशीनचं भाडं "पहिले काही महिने माफ" असेल तर ते महिने कधीपासून मोजायचे ते लिहून घ्या. मशीन कपाटात पडून असलं तरी भाडं सुरू झालेलं असतं.

व्यवसायाचा प्रकार फॉर्ममध्ये चार अंकी कोडने लिहितात, तो सेल्समनला अंदाजाने भरू देऊ नका. पार्लरचा कोड 7230. त्याजागी भलताच कोड पडला की पहिल्या मोठ्या बिलाला पैसे अडकतात आणि मग खुलासे देत बसावं लागतं. मित्राला रोख हवी म्हणून त्याचं कार्ड आपल्या मशीनवर फिरवण्याचा मोह तर टाळाच. सेवा दिलेली नाही, बिल नाही, आणि हे पकडलं गेलं की मशीन बंद आणि पैसे रोखलेले.

मशीन आल्यावर दोन गोष्टी. गिऱ्हाइकाच्या खात्यातून रक्कम गेली पण मशीनमधून स्लिप आली नाही, तर ते पैसे त्याला पाच दिवसांत आपोआप परत मिळायला हवेत. पुढे दर दिवसाला 100 रुपये भरपाई. त्यामुळे "येतील हो" म्हणत पैसे मिळाल्यासारखं धरू नका, दुसऱ्या मार्गाने पैसे घ्या. आणि कुणी बँकेकडे व्यवहार नाकारला, तर पुरावा द्यायला मोजके दिवस मिळतात. ती नोटीस बहुधा ईमेलवर येते. फॉर्ममध्ये सेल्समनने स्वतःचाच ईमेल टाकलेला असतो, तो बदलून घ्या. स्लिपवरची शाई काही महिन्यांत उडते, म्हणून मोठ्या रकमेच्या स्लिपचा आणि बिलाचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा.