पायांचं काम, डोक्याला व्यायाम

नाचल्याने घाम येतो, दम वाढतो, हृदय धडधडतं. पण हे सगळं भरभर चालूनही होतं. मग नाचाचं एवढं कौतुक कशाला?

एक साधी गिरकी घेऊन बघा. शरीराचा सगळा भार एका चवड्यावर येतो. कानाच्या आतल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिकांमधला द्रव हलतो आणि डोकं फिरतंय ही वर्दी मेंदूला जाते. डोळ्यांची वर्दी वेगळी, घोट्या-गुडघ्यातल्या स्नायूंची तिसरीच. या तिन्हींचा मेळ मेंदूला क्षणात घालावा लागतो, तोही ताल न सोडता. वर पुढचं पाऊल आठवायचं आणि शेजारच्याच्या पायावर पाय पडू द्यायचा नाही! ट्रेडमिलवर डोक्याला एवढं काम नसतं.

जर्मनीतल्या माग्डेबुर्गच्या संशोधकांनी हाच फरक तपासला. ज्येष्ठांच्या एका गटाने दीड वर्ष नाच केला, सतत नवनव्या रचना शिकत. दुसऱ्याने ठरावीक कसरती केल्या. २०१७ साली निष्कर्ष आले. स्मरणशक्तीशी निगडित हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग दोन्ही गटांत वाढला होता, तोल मात्र फक्त नाचणाऱ्यांचा सुधारला. उतारवयात एका पडण्याने माणूस अंथरुणाला खिळू शकतो, त्यामुळे मला हा फायदा सर्वांत मोलाचा वाटतो.

२००३ मधला एक अभ्यास याहून गाजला. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या ७५ वर्षांवरील ४६९ जणांची त्यात पाहणी झाली. शारीरिक हालचालींपैकी एकट्या नाचाचा संबंध स्मृतिभ्रंशाच्या कमी धोक्याशी आढळला. मात्र यावरून नाचामुळेच आजार टळला असं म्हणता येत नाही. ज्यांची बुद्धी आधीच मंदावू लागली होती, त्यांनी नाच आपसूक सोडलेला असू शकतो.

पार्किन्सन या हालचाली मंदावणाऱ्या मेंदूच्या आजाराच्या रुग्णांचं उदाहरण जास्त बोलकं आहे. चालायला सुरुवात करताना किंवा वळताना त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे पाय जागीच खिळतात. टँगो या जोडीने करायच्या नाचात थांबणं, पुन्हा निघणं, मागे सरकणं, वळणं याचीच तालीम होते आणि संगीताचा ठेका बाहेरून इशारा देतो. आजार बरा होत नाही, पण अनेकांचा तोल आणि चाल सुधारते.

नाच कुठलाही चालेल. फक्त पावलं अंगवळणी पडली की नवी शिकायला घ्यावीत. गुडघे कुरकुरत असतील तर उड्या टाळाव्यात. खुर्चीत बसून हातांनी ताल धरला तरी बरीच हालचाल होते.