सुई की नाकातला फवारा : फ्लूच्या दोन लसींची पार्श्वभूमी

फ्लूची लस घ्यायची ठरवली, की अनेक देशांत आज दोन पर्याय समोर येतात : दंडात घ्यायचे इंजेक्शन आणि दोन्ही नाकपुड्यांत फवारायची लस. इंजेक्शन ही मूळ लस आणि फवारा ही सुईला घाबरणाऱ्यांसाठी नंतर काढलेली सोपी आवृत्ती, असा समज सर्वत्र आढळतो. तो इतिहासाला धरून नाही. दोन्ही लसींची सुरुवात जवळजवळ एकाच काळात, एकाच शोधातून झाली. त्यांच्यामागचा विचार मात्र पहिल्यापासून वेगळा होता. आज कोणाला कोणती लस द्यावी आणि कोणाला देऊ नये, याबद्दलच्या नियमांपैकी बहुतेकांचे मूळ त्या वेगळेपणात सापडते.

१९१८-१९ च्या जागतिक साथीत कोट्यवधी माणसे दगावली, तेव्हा हा रोग कशामुळे होतो हेच वैद्यकशास्त्राला ठाऊक नव्हते. रिचर्ड फायफर यांनी १८९२ मध्ये वर्णन केलेला एक जिवाणू फ्लूचे कारण मानला जात होता आणि त्या साथीत अशा जिवाणूंपासून बनवलेल्या लसी लोकांना टोचल्याही गेल्या. फ्लूच्या खऱ्या कारणाला त्या रोखू शकत नव्हत्या. ते कारण १९३३ मध्ये हाती लागले. लंडनमध्ये विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी फ्लूच्या रुग्णांच्या घशातील द्रव गाळून, त्यातील जिवाणू काढून टाकून, तो फेरेट नावाच्या लहान प्राण्यांच्या नाकात सोडला आणि ते प्राणी आजारी पडले. गाळणीतून पार होणारा घटक म्हणजे विषाणू होता. लवकरच ऑस्ट्रेलियातील फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांनी हा विषाणू कोंबडीच्या फलित अंड्यांत वाढवण्याचे तंत्र विकसित केले. आजही जगातील फ्लूच्या बहुतांश लसी अंड्यांतच तयार होतात.

विषाणू हाती आल्यावर लसीचे दोन मार्ग संशोधकांसमोर होते. विषाणू मारून टाकायचा आणि त्याचे अवशेष शरीराला दाखवायचे, किंवा त्याला जिवंत ठेवून इतका क्षीण करायचा की त्याने शिरकाव तर करावा पण आजार घडवू नये. फ्लूचा विषाणू नाकावाटे येतो, तेव्हा क्षीण विषाणूही नाकातूनच द्यावा, हा विचार स्वाभाविक होता. सोव्हिएत संघात अनातोली स्मोरोदिंत्सेव यांनी १९३० च्या दशकातच जिवंत विषाणूच्या लसीचे प्रयोग सुरू केले आणि बर्नेट यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ऑस्ट्रेलियातील सैनिक स्वयंसेवकांच्या नाकात अशी लस फवारून पाहिली. विषाणू पुरेसा क्षीण होऊनही उपयोगी राहील असा नेमका बिंदू त्या काळच्या तंत्राने साधता येत नव्हता. अंड्यांतून वारंवार वाढवत गेले की विषाणू कधी अजिबात रुजत नसे, तर कधी लक्षणे निर्माण करत असे. त्यामुळे नाकातल्या लसीची कल्पना पाश्चात्त्य देशांत मागे पडली.

मृत विषाणूच्या लसीला महायुद्धाने गती दिली. १९१८ मध्ये छावण्यांत आणि जहाजांवर काय घडले याची आठवण अमेरिकी सैन्याला होती. मिशिगन विद्यापीठात थॉमस फ्रान्सिस आणि त्यांचे तरुण सहकारी जोनास सॉल्क यांनी अंड्यांत वाढवलेला विषाणू फॉर्मलीनने निष्क्रिय करून लस बनवली. १९४३ च्या अखेरीस सैन्याशी संबंधित तुकड्यांवर तिची मोठी चाचणी झाली, १९४५ मध्ये तिला परवाना मिळाला आणि पुढील वर्षी ती सामान्य नागरिकांना मिळू लागली. त्यानंतर लगेच, १९४७ मध्ये, ती जवळजवळ निरुपयोगी ठरली. लसीच्या निर्मितीत दोष नव्हता. विषाणू बदलला होता. फ्लूची लस दरवर्षी नव्याने ठरवावी लागते, हा धडा इथून मिळाला. जागतिक आरोग्य संघटनेने १९५२ मध्ये फ्लूच्या विषाणूंवर नजर ठेवणारे प्रयोगशाळांचे जाळे उभे केले, ते याच गरजेतून. आज उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत आणि दक्षिण गोलार्धासाठी सप्टेंबरमध्ये लसीतील विषाणूंची शिफारस होते. ती इंजेक्शन आणि फवारा या दोहोंना लागू असते. म्हणजे अंदाज चुकलाच, तर तो दोन्ही लसींसाठी चुकतो.

पुढच्या दशकांत इंजेक्शन अधिक शुद्ध होत गेले. अंड्यातील अनावश्यक घटक काढून टाकणारी यंत्रे आली, विषाणूचे तुकडे करून वापरण्याची पद्धत आली, ताप आणि दंडाची सूज कमी झाली. मृत विषाणू शरीरात वाढत नाही, म्हणून गरोदर स्त्रिया, दुबळ्या प्रतिकारशक्तीचे रुग्ण, सहा महिन्यांवरील बाळे अशा सर्वांना ही लस देता येते. तिची मर्यादाही इथेच आहे. ती रक्तात प्रतिपिंडे (विषाणूला ओळखून रोखणारी प्रथिने) चांगली तयार करते, परंतु विषाणू जिथून आत येतो त्या नाकाच्या अस्तरावर तिचा प्रभाव तुलनेने कमी राहतो.

नाकातल्या लसीचे पुनरुज्जीवन त्याच मिशिगन विद्यापीठात झाले. जॉन मासाब यांनी १९६० मध्ये अॅन आर्बर गावात मिळालेला विषाणू घेतला आणि तो टप्प्याटप्प्याने कमी तापमानात वाढवत नेला, इतका की तो २५ अंश सेल्सिअसलाही उत्तम वाढू लागला. १९६७ मध्ये त्यांनी हे काम प्रसिद्ध केले. थंडीची सवय झालेला हा विषाणू नाकाच्या तुलनेने गार भागात वाढू शकत होता, पण फुप्फुसांच्या उष्णतेत त्याची वाढ खुंटत होती. बर्नेट यांना जो बिंदू साधला नव्हता, तो तापमानाने साधून दिला. या एका कल्पनेची सोपी ताकद मला या सगळ्या इतिहासातील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. फ्लूच्या विषाणूची जनुके आठ स्वतंत्र तुकड्यांत असतात. त्यांपैकी सहा मासाब यांच्या क्षीण विषाणूकडून घ्यायची आणि पृष्ठभागावरील प्रथिनांची दोन त्या वर्षीच्या फिरत्या विषाणूकडून, अशी जुळणी करून दरवर्षीची लस तयार करता येऊ लागली. सोव्हिएत संघानेही लेनिनग्राडमध्ये १९५७ च्या एका विषाणूपासून आपला स्वतंत्र थंडीसरावाचा मूळ विषाणू घडवला. तो पुढे जागतिक आरोग्य संघटनेमार्फत विकसनशील देशांतील उत्पादकांना मिळाला. २००९ च्या साथीनंतर भारतातील सीरम इन्स्टिट्यूटने नाकातून देण्याची जी लस काढली, ती याच वंशातील होती.

प्रयोगशाळेतून बाजारात यायला मासाब यांच्या विषाणूला साडेतीन दशके लागली. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत लहान मुलांत या विषाणूपासून बनवलेल्या लसीची परिणामकारकता ९३ टक्के आढळली, तेव्हा बालरोगतज्ज्ञांत मोठी आशा निर्माण झाली. जून २००३ मध्ये ‘फ्लूमिस्ट’ या नावाने तिला अमेरिकेत परवाना मिळाला, पण फक्त ५ ते ४९ वर्षांच्या निरोगी लोकांसाठी. त्याआधीच स्वित्झर्लंडमध्ये नाकातली एक वेगळी लस वापरून मागे घेतली गेली होती. तिच्यात मृत विषाणू होता आणि परिणाम वाढवण्यासाठी इ. कोलाय जिवाणूच्या एका विषारी प्रथिनाची जोड होती. ती घेतलेल्यांत चेहऱ्याच्या एका बाजूचा पक्षाघात नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक आढळला. आजच्या फवाऱ्यात ते प्रथिन नाही. तरीही नाकातून दिलेली प्रत्येक गोष्ट सुईपेक्षा सौम्यच असते, या भाबड्या समजुतीला ही घटना पुरेसे उत्तर आहे.

२००७ मध्ये दोन्ही लसींची थेट तुलना प्रसिद्ध झाली. पाच वर्षांखालील मुलांत फवारा घेतलेल्यांना फ्लू होण्याचे प्रमाण इंजेक्शन घेतलेल्यांपेक्षा ५५ टक्क्यांनी कमी होते. मात्र दोन वर्षांखालील बाळांत श्वासाची घरघर वाढल्याचेही त्याच अभ्यासात दिसले. म्हणून फवाऱ्याची किमान वयोमर्यादा दोन वर्षे ठरली आणि दोन ते चार वर्षांच्या, दमा किंवा अलीकडे घरघर झालेल्या मुलांना ती देऊ नये असा नियम झाला. मोठ्यांत चित्र उलटे निघाले. २००७-०८ च्या हंगामात मिशिगनमध्येच प्रौढांवर झालेल्या चाचणीत इंजेक्शनची परिणामकारकता ६८ टक्के, तर फवाऱ्याची ३६ टक्के आढळली. याचे पटणारे स्पष्टीकरण असे की, प्रौढांच्या नाकात आधीच्या अनेक फ्लूंची प्रतिकारशक्ती साठलेली असते आणि ती लसीतल्या क्षीण विषाणूला रुजूच देत नाही. लहान मुलाच्या नाकात ती अडवणूक नसते.

या पुराव्याच्या बळावर अमेरिकेच्या लसीकरण सल्लागार समितीने जून २०१४ मध्ये दोन ते आठ वर्षांच्या निरोगी मुलांसाठी फवाऱ्याला पसंती दिली. पुढच्याच वर्षी ती पसंती मागे घेतली गेली आणि जून २०१६ मध्ये समितीने येत्या हंगामात फवारा वापरूच नये असे सांगितले. २०१५-१६ मध्ये २ ते १७ वर्षांच्या मुलांत फवाऱ्याची परिणामकारकता अवघी ३ टक्के निघाली होती, तर इंजेक्शनची ६३ टक्के. पालकांनी दोन वर्षांपूर्वीच डॉक्टरांच्या सांगण्यावरून जी लस निवडली होती, तिच्याबद्दल हे ऐकावे लागणे किती अस्वस्थ करणारे होते, याची कल्पना करता येते. त्याच हंगामात ब्रिटनमध्ये तीच लस मुलांत सुमारे ५८ टक्के परिणामकारक आढळली आणि तिथला कार्यक्रम थांबला नाही. दोन देशांतील या तफावतीचे पूर्ण समाधान करणारे उत्तर मिळालेले नाही. मुख्य संशय मात्र २००९ च्या साथीतील एच१एन१ या विषाणूच्या लसीतील रूपावर गेला. आधीचे रूप उष्णतेत टिकत नव्हते आणि त्याच्या जागी घेतलेले दुसरे रूप माणसाच्या नाकातील पेशींत नीट वाढत नव्हते. जी लस वाढण्यावरच अवलंबून आहे, तिच्यासाठी ही उणीव मूलभूत होती. मृत विषाणूच्या इंजेक्शनला तिचा फरक पडला नाही. हे रूप बदलल्यानंतर मुलांच्या नाकात विषाणू पुन्हा नीट वाढू लागल्याचे दिसले आणि २०१८-१९ च्या हंगामापासून अमेरिकेने फवारा पुन्हा पर्यायांत आणला, पण कोणत्याही पसंतीशिवाय. समितीने पुराव्याबरोबर तीन वेळा मत बदलले, यात मला तिचा कमकुवतपणा दिसत नाही. प्रत्येक वेळी आकडे उघडपणे मांडले गेले आणि म्हणूनच दोष शोधता आला.

ब्रिटनचा विचार वेगळ्या बाजूने आला होता. तिथे २०१३ पासून मुलांना टप्प्याटप्प्याने फवारा देण्यात आला, कारण फ्लू घरोघरी पोचवण्यात मुलांचा वाटा मोठा असतो आणि मुले सुरक्षित झाली तर आजीआजोबांनाही त्याचा लाभ होतो. शाळेत हजारो मुलांना लस द्यायची असेल, तर सुई नसणे ही केवळ सोय राहत नाही. त्यावर कार्यक्रमाचे यशापयश ठरते.

सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेने फवारा घरी घेण्यासही मान्यता दिली. त्यासाठी आधी प्रश्नावली भरावी लागते : दमा आहे का, गरोदरपण आहे का, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू आहेत का, मूल ॲस्पिरिन घेते का, नुकतेच फ्लूविरोधी औषध घेतले आहे का. शेवटचा प्रश्न जिवंत विषाणूमुळेच विचारावा लागतो, कारण ते औषध लसीतील विषाणूलाही थांबवते. यांपैकी एखाद्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आले, तर सहसा इंजेक्शन घ्यावे लागते. पासष्ट वर्षांवरील लोकांसाठी तर २००९ मध्ये परवाना मिळालेले चौपट मात्रेचे इंजेक्शन उपलब्ध आहे आणि २०२२ पासून अमेरिकेत त्यांच्यासाठी अशा अधिक प्रभावी इंजेक्शनांनाच प्राधान्य दिले जाते. निरोगी मूल आणि निरोगी तरुण यांच्यासाठी मात्र अमेरिकेच्या सल्लागार समितीने दोन्ही लसी खुल्या ठेवल्या आणि त्यांच्या बाबतीत मिळेल ती लस हंगाम सुरू होण्याआधी घेण्यावर भर दिला.