पारायण आणि मनन : पोथी एकच, वाचणं दोन

सुगी आटपून भात घरात आलं की आमच्या बेळगाव भागात येळ्ळूर-उचगावपासून खानापूरच्या पलीकडच्या गावांपर्यंत पारायणाचे फलक दिसायला लागतात. देवळापुढे मांडव पडतो, कुठे तीन दिवस, कुठे सात. पहाटे काकडा, मग व्यासपीठ चालकामागोमाग ज्ञानेश्वरी, पुढे प्रवचन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि जागर. शेवटच्या दिवशी काला. मीही दरवर्षी बसतो. मागच्या खेपेला मांडवातून घरी आलो तर भाचीनं विचारलं, "मामा, आज काय वाचलासा?"

"सहावा अध्याय."

"ते कळलं. त्यात काय हाय?"

योगाबद्दल कायतरी सांगून मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठलो.

मी वाचलं नव्हतं असं नाही. ओवीन् ओवी तोंडानं म्हटली होती. पण 'ज्ञानेश्वरी वाचली' म्हणताना आपण दोन निराळ्या कामांना एकच क्रियापद वापरतो. एक पारायण, दुसरं मनन. पोथी तीच आणि पाटही तोच असल्यामुळे घोटाळा लवकर लक्षात येत नाही.

पारायण म्हणजे ग्रंथ आरंभापासून शेवटापर्यंत नेमानं पार करणं. हिशोब सोपा आहे: 18 अध्याय, 9 हजारांवर ओव्या. सात दिवसांत संपवायच्या तर रोज साधारण 1,300, तीन दिवसांत तर 3 हजार. अध्यायही सारखे नाहीत. पाचव्यात 180 ओव्या, अठराव्यात 1,800च्या वर. म्हणून शेवटच्या दिवशी सगळ्यांचे घसे बसलेले असतात. इथे गती मांडवाची असते. एखाद्या ओवीनं काळजात कळ उठली तरी थांबता येत नाही, कारण शेजारचा पुढच्या ओवीवर गेलेला असतो.

याला कुणी 'नुसती पोपटपंची' म्हणालं की मला राग येतो. शाळेची पायरी न चढलेल्या आमच्या आज्जीला आख्खा बारावा अध्याय येत होता, तो मांडवात ऐकूनच. आता तर आमच्याकडची बरीच पोरं कन्नड नाहीतर इंग्रजी शाळेत जातात. वर्षातून सलग मराठी अक्षर डोळ्यांखालून जायचं ते या मांडवातच. जुन्या लोकांनी श्रवण, मनन, निदिध्यासन (म्हणजे त्याचाच सतत ध्यास) असा क्रम लावलाय. पारायण त्यातल्या श्रवणाच्या अंगाचं. ते झालंच नसेल तर मनन करायला हाताशी काही नसतं.

मननाची गोष्ट उलटी. ते थांबल्यावरच सुरू होतं. ते कसं करायचं हे माउलींनी पहिल्याच अध्यायात सांगून ठेवलंय, आपण मात्र पहिल्या दिवसाच्या उत्साहात तिथून झरझर पुढे जातो. शरदाच्या चांदण्यातले कोवळे अमृतकण चकोराची पिलं मऊ मनानं वेचतात, तशी ही कथा श्रोत्यांनी चित्ताला हळुवारपण आणून अनुभवावी, असं ते म्हणतात. लगेच पुढे भुंगा येतो. तो पराग घेऊन जातो आणि कमळाच्या पाकळीला कळतसुद्धा नाही. नामदेवांनी तर मापच दिलंय, 'एक तरी ओवी अनुभवावी'. 9 हजारांतली एक.

रोज एक अध्याय वाचणारे लोक आपण मनन करतो असं समजतात. बहुतेकदा ते सावकाश चाललेलं पारायणच असतं. ओळखायची खूण अशी की अध्याय पुरा झाल्यावर सुटल्यासारखं वाटलं तर ते पारायण. मननात पान संपवायची घाई नसते, उलट एखादी ओवी आपल्याला सोडत नाही.

माझ्या बाबतीत ती बाराव्या अध्यायातली निघाली. भक्त कसा असतो ते सांगताना माउली पाण्याचा दाखला देतात: 'गाईची तृषा हरूं, कां व्याघ्रा विष होऊनि मारूं', असा भेद पाणी जाणतच नाही. मांडवात ही ओवी दहा-बारा सेकंदांत जाते. घरी वहीत उतरवून काढली आणि अडकलो. खानापूर तालुक्यात वाघ ही नुसती उपमा नव्हे. भीमगडच्या रानात तो खरोखरच आहे, आणि गोठ्यात गाय असलेल्याला त्याचं कौतुक नसतं. कणकुंबीला उगवलेली मलप्रभा मात्र दोघांनाही पाजते. इथवर ठीक होतं. नंतर सुचलं की चुलतभावाशी माझं बोलणं बंद आहे, तेही पाण्याच्या पाळीवरूनच. मग वही मिटली.

प्रार्थनेतही हाच फरक पडतो. सांगतेला सगळा मांडव उभा राहून पसायदान म्हणतो तेव्हा अंगावर काटा येतो, आणि ते मागणं सगळ्या गावाचं होतं. तेच अंथरुणावर पडल्या पडल्या एकट्यानं म्हणून बघा. 'खळांची व्यंकटी सांडो' यापाशी डोळ्यांपुढे एक ठरावीक तोंड येतं, आणि आपण त्याचा वाकडेपणा जावा म्हणतोय की तोच जावा म्हणतोय, हे तपासावं लागतं. गर्दीत हे तपासणं टाळता येतं.

कितवं पारायण, याची मोजदाद मात्र सोडून द्यावी असं माझं मत आहे. रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणणारे आपण पहिल्याच अभंगात 'पुण्याची गणना कोण करी' असं गातो, आणि टाळ खाली ठेवला की विचारतो, "यंदा कितवं?"

मनन करायचं तर सार्थ, म्हणजे अर्थ दिलेली प्रत घ्या. गाई-वाघाच्या त्या ओवीत पुढे येणारं 'तोय' म्हणजे पाणी हेच ठाऊक नसेल तर ओवी उघडणार कशी? वेळ कुठलीही चालेल. माझी हरिपाठानंतरची, दिवे गेले नसतील तर. एक ओवी तीनदा वाचायची, आपल्या बोलीत कुणाला तरी सांगून बघायची. मी भाचीला सांगतो. ती लगेच विचारते, "मग तुम्ही त्या मामांशी बोललासा काय?"

अजून नाही. यंदाच्या पारायणात तो माझ्या मागच्याच ओळीत बसला होता. बारावा अध्याय आला, ती ओवी आली, त्याचाही आवाज मला ऐकू आला, आणि मांडव पुढच्या ओवीवर गेला.