कुजक्या लाकडातला मायक्रोमाल्थस

भुंगेऱ्याची नवी जात शास्त्रात दाखल होते ती बहुतेक वेळा टाचणीवर टोचलेल्या प्रौढ कीटकाच्या रूपात. स्पर्शिकेला पेरं किती, डोकं रुंद की छाती, पुढचे टणक पंख पोट पूर्ण झाकतात की नाही, नराच्या जननांगाची घडण कशी, हे सगळं तपासून वर्णन लिहिलं जातं आणि ज्या नमुन्यावरून ते लिहिलं तो संग्रहालयात जपला जातो. अळीचा उल्लेख झालाच तर शेवटी, दोन ओळींत. चार लाखांच्या आसपास जातींसाठी ही पद्धत कमी-अधिक पुरली. मायक्रोमाल्थस डेबिलिसपुढे मात्र तिने हात टेकले.

या भुंगेऱ्याचं पहिलं वर्णन १८७८ साली जॉन लेकाँट यांनी केलं. वैद्यकाचं शिक्षण घेतलेल्या या गृहस्थांनी अमेरिकेतल्या भुंगेऱ्यांच्या हजारो जातींना नावं दिली. त्यांच्या भिंगाखाली आलेला हा कीटक जेमतेम दोन मिलिमीटर लांबीचा. रंग काळपट तपकिरी, पाय आणि स्पर्शिका पिवळसर. डोकं छातीपेक्षा रुंद, डोळे मोठे. स्पर्शिका अकरा पेरांच्या, मणी ओवल्यासारख्या. पुढचे पंख इतके आखूड की पोटाची शेवटची वलयं उघडीच राहतात. आखूड पंखांचे भुंगेरे इतर कुळांतही भरपूर आहेत, त्यामुळे तेवढ्यावरून ओळख पटवायला गेलं तर फसगत ठरलेली. लेकाँट यांनी हा कीटक लाकूड पोखरणाऱ्या लायमेक्सिलिडी कुळाशेजारी बसवला. पुढे वर्गीकरणात त्याची जागा कितीदा तरी बदलली. प्रौढाच्या अंगावर जे दिसत होतं, ते वेगवेगळ्या अभ्यासकांना वेगवेगळ्या कुळांकडे नेत होतं.

गाडं पुढे सरकलं ते १९१३ मध्ये. हर्बर्ट स्पेन्सर बार्बर या अमेरिकी कीटकतज्ज्ञाने प्रौढांऐवजी लाकडातल्या अळ्यांवर लक्ष ठेवलं, आणि अळ्याच पिल्लं घालताना त्याला दिसल्या. कोष नाही, पंख नाहीत, मीलन नाही. अंगाने अळी, पण पोटात तयार पिल्लं. अशी गोष्ट माशीवर्गातल्या काही छोट्या कीटकांत १८६० च्या दशकातच नोंदली गेली होती आणि तेव्हाही ती पचायला जड गेली होती. भुंगेऱ्यांत हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. बार्बरने या जातीसाठी स्वतंत्र कूळच केलं: मायक्रोमाल्थिडी.

जन्माला येते ती चपळ, सहा पायांची, अगदी बारीक अळी. तिचं काम चालण्याचं: लाकडात नवी जागा गाठायची. जागा मिळाली की ती कात टाकते आणि तिचे पाय जातात. आता ती लांब मिशांच्या भुंगेऱ्यांच्या अळीसारखी पांढरी, लांबट, लाकूड पोखरत पुढे सरकणारी अळी होते. इथून पुढे वाटा फुटतात. एक वाट ओळखीची: अळी कोषात जाते आणि पंखवाली मादी बाहेर पडते. दुसऱ्या वाटेने अळी पुन्हा कात टाकून अळीच राहते, पण तिची बीजकोशं पिकतात आणि नराच्या संबंधाशिवाय ती पायांच्या मादी अळ्यांना जिवंत जन्म देते. लाकडाच्या एखाद्या तुकड्यातली वसाहत वाढते ती मुख्यतः या वाटेने.

तिसरी वाट नराची, आणि ती जरा अंगावर येणारी आहे. आई-अळी एकच मोठं अंडं घालते. ते तिच्या अंगालाच चिकटून राहतं. त्यातून निघणारी अळी आखूड पायांची, जाडसर, सोंडकिड्याच्या अळीच्या वळणाची. ती काही दिवस आईला लगटून पडून असते. मग आईच्या जननरंध्रात डोकं घालते आणि तिला आतून खाऊन टाकते. त्या खाण्यावर वाढून ती कोषात जाते आणि त्यातून नर भुंगेरा निघतो. हा लाकूड खातच नाही. त्याचं सगळं पोषण आईच्या शरीरातून येतं. मधमाशांच्या नरांप्रमाणे त्याच्या पेशींतही गुणसूत्रांचा एकच संच असतो.

आता वर्णन लिहिणाऱ्याची अडचण पाहा. हाती पायांची बारीक अळी, बिनपायांची लांब अळी, पोटुशी अळी आणि सोंडकिड्यासारखी नर अळी अशा चार नमुन्यांच्या नळ्या आल्या आणि त्या कुठून आल्या हे माहीत नसलं, तर चांगला जाणकारही त्या निदान दोन-तीन कुळांत वाटून टाकेल. ही सगळी एकाच जातीची रूपं आहेत हे कळायला अळ्या पाळाव्या लागतात, एकीतून दुसरी निघताना पाहावी लागते. निदान सर्व रूपांचा डीएनए तरी जुळवावा लागतो.

बरं, ज्याच्या भरवशावर पहिलं वर्णन झालं त्या प्रौढाचं काय? २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उष्णतेचा वापर करून वसाहतीतून मोठ्या संख्येने प्रौढ मिळवण्यात आले. त्यांत माद्या कितीतरी जास्त, नर थोडे. पण त्यांच्यापासून पुढची पिढी निपजल्याचा पुरावा सापडला नाही. संशोधकांच्या मते हे प्रौढ म्हणजे जुन्या लैंगिक जीवनाचे निकामी झालेले अवशेष आहेत. त्यांच्या शरीरात वोल्बाकिया आणि रिकेट्सिया गटांतले जिवाणूही आढळले. वोल्बाकिया अनेक कीटकांत प्रजननाची घडी बदलतो, तेव्हा इथेही त्याचा हात असावा असा संशय स्वाभाविक आहे. म्हणजे संग्रहालयात टाचणीवर बसलेला प्रौढ हा जातीचा चेहरा खरा, पण जात चालते ती अळ्यांवर. माझ्या मते इथे मूळ नमुना म्हणून एखादी अळीच शोभली असती, आणि नामकरणाच्या नियमांत त्याला आडकाठीही नाही.

वर्गीकरणाचा गुंताही सुटला तो बऱ्याच अंशी अळीमुळे. अळीच्या डोक्याची आणि मुखांगांची बारकाईने तपासणी झाली, तेव्हा ती आर्कोस्टेमाटा या उपगणाशी जुळली. पुढे डीएनएनेही तेच सांगितलं. हा भुंगेऱ्यांचा प्राचीन फाटा. पुराश्मांत त्याचे सदस्य पुष्कळ, आज मात्र जेमतेम काही डझन जाती उरल्या आहेत. मायक्रोमाल्थस कुळाचा माग अंबरातही, म्हणजे झाडाच्या दगडासारख्या घट्ट झालेल्या प्राचीन राळेतही, लागतो. लेबनॉनच्या क्रिटेशस काळातल्या, म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या युगातल्या, अंबरात त्याच्या नातेवाईकाची अळी सापडली आहे.

हा कीटक शोधायचा तर दिव्याभोवती फिरून फारसं हाती लागत नाही. ओंडका फोडावा लागतो, आणि तोही योग्य अवस्थेतला. काही बुरशा लाकडातलं सेल्युलोज, म्हणजे त्याचे तंतू, खातात आणि त्यांना टणकपणा देणारं लिग्निन मागे ठेवतात. असं लाकूड तांबूस तपकिरी होतं, आडव्या-उभ्या भेगा पडून त्याचे चौकोनी तुकडे निघतात, बोटांत चुरडलं की भुगा होतो. अशा ओलसर ओक किंवा चेस्टनटच्या लाकडात या अळ्या मिळतात. ताजं आणि कोरडं लाकूड त्यांच्या कामाचं नाही. टेलिफोनच्या खांबांचा जमिनीलगतचा भाग असाच ओला राहून कुजतो. तिथेही त्या निघाल्या, म्हणून इंग्रजीत याला टेलिफोन खांबाचा भुंगेरा म्हणू लागले.

मूळ घर पूर्व अमेरिका मानलं जातं, तरी दक्षिण आफ्रिकेतल्या खाणींतल्या आधाराच्या लाकडांत, हाँगकाँगमध्ये आणि इतरही दूरच्या ठिकाणी याच्या नोंदी आहेत. लाकडाच्या व्यापाराबरोबर तो तिथे पोचला असावा. नर लागत नसल्याने नव्या मुलखात वस्ती करायला तत्त्वतः एकच मादी अळी पुरते. आणि अळी लाकडाच्या आत असल्यामुळे बाहेरून तुळई तपासणाऱ्याला ती दिसतही नाही. नव्या प्रदेशातून असा नमुना आला की एक-दोन प्रौढ टाचणीवर लावून भागत नाही. त्याच लाकडातल्या सर्व रूपांच्या अळ्या अल्कोहोलमध्ये ठेवाव्या लागतात, काही जिवंत पाळाव्या लागतात, आणि लाकूड कोणत्या झाडाचं, किती कुजलेलं, किती ओलं, हे चिठ्ठीवर लिहावं लागतं.