साहेब, हे तुम्हीच लिहिलंय का?

मार्च संपत आला की नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत अप्रेझलचा, म्हणजे वर्षभराच्या कामावर शेरे देण्याचा, हंगाम सुरू होतो. पूर्वी सुपरवायझर एका ओळीत विषय मिटवायचे: 'काम समाधानकारक, हजेरी सुधारावी.' आता तोच शेरा तीन परिच्छेदांचा येऊ लागलाय. चहाच्या टपरीवर दोन ऑपरेटर मोबाइल शेजारी शेजारी धरतात आणि दोघांनाही एकच वाक्य सापडतं: 'आपल्या चिकाटीमुळे संपूर्ण टीमला प्रेरणा मिळाली.' त्यातला एक जण चिकाटीपेक्षा दांड्यांसाठी जास्त प्रसिद्ध असतो.

मजकुरात खोट काढावी असं काही नसतं. भाषा नेटकी, सूर आपुलकीचा. साहेब स्वतः लिहायला बसले असते तर त्यांना एवढं जमलं नसतं, हेही खरं. तरी वाचणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हाच, की हे साहेबांनीच लिहिलंय का? उत्तर 'नाही' असेल तर शब्द तेच असूनही त्यांचं वजन उतरतं. हा नुसता हळवेपणा म्हणून सोडून देता आला असता, पण संशोधकांनी तो मोजून पाहिलाय.

यिडान यिन, नान जिया आणि शेरिल वाक्स्लाक या अमेरिकेतल्या संशोधकांनी २०२४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. सहभागी लोकांनी आपल्या आयुष्यातला एखादा गुंतागुंतीचा प्रसंग लिहून काढायचा. त्यावर उत्तर येणार, कधी माणसाकडून, कधी एआयकडून. गंमत पुढे आहे. काही उत्तरांवरची चिठ्ठी मुद्दाम अदलाबदल केलेली होती. एआयच्या उत्तरावर कधी 'माणूस' असं लेबल, तर माणसाच्या उत्तरावर कधी 'एआय' असं. निकाल दोन्ही बाजूंना टोचणारा निघाला. 'आपलं म्हणणं कुणीतरी नीट ऐकलं' ही भावना एआयच्या उत्तरांनी माणसांच्या उत्तरांपेक्षा जास्त दिली, आणि लिहिणाऱ्याच्या भावना ओळखण्यातही एआय सरस ठरला. पण 'हे एआयने लिहिलंय' असं लेबल दिसलं की तीच भावना ओसरायची.

म्हणजे ऐकून घेतल्याच्या समाधानाचे दोन भाग आहेत. एक शब्दांचा, तो यंत्राला येतो, बऱ्याचदा आपल्यापेक्षा चांगला येतो. दुसरा भाग, ते शब्द कुणी खर्च केले याचा. अमोट्झ झहावी या इस्रायली जीवशास्त्रज्ञाने १९७५ साली प्राण्यांच्या संकेतांबद्दल एक कल्पना मांडली होती: जो संकेत द्यायला महाग पडतो, त्यावरच विश्वास बसतो. मला वाटतं, साहेबांच्या दोन ओबडधोबड ओळींची किंमत तिथेच आहे. त्यांच्यामागे चाळीस माणसं, तुटलेलं टार्गेट आणि स्टोअरमधून न आलेलं मटेरियल उभं असतं, आणि त्यातून त्यांनी पाच मिनिटं तुमच्यासाठी काढलेली असतात. यंत्राकडे सगळ्यांसाठी अमर्याद वेळ असल्याने त्याने काढलेल्या वेळाचं कुणाला अप्रूप वाटत नाही.

मग सोपा उपाय: कुणी लिहिलं हे सांगूच नये! हा विचार अनेक मॅनेजरांच्या मनात येऊन गेला असेल. त्याचंही उत्तर संशोधनात आहे. नान जिया यांचाच सहभाग असलेल्या २०२१च्या एका अभ्यासात वित्तक्षेत्रातल्या कंपनीत कर्मचाऱ्यांच्या कामाचं विश्लेषण करून एआयने सूचना तयार केल्या. त्या सूचना अधिक अचूक होत्या, सर्वांना एकाच मापाने तोलणाऱ्या होत्या, आणि त्यामुळे काम सुधारलं. पण सूचना एआयच्या आहेत असं कळल्यावर त्यांचा फायदा घटला. थोडक्यात, लपवलं तर चालतं, सांगितलं तर बिघडतं. पण लपवणं चालतं ते उघडकीला येईपर्यंतच, आणि टपरीवरच्या त्या दोघांना ते उघडकीला आणायला एक कटिंग पुरला.

याच चमूतले शुएमिंग लुओ यांनी त्याच वर्षी आणखी एक अभ्यास प्रसिद्ध केला. कामावर माणसं घडवण्याची जबाबदारी असलेल्या प्रत्येकाने तो ऐकायलाच हवा. फोनवरून विक्री करणाऱ्या प्रतिनिधींना एक 'एआय कोच' दिला गेला. हा कोच प्रत्येक संभाषण ऐकायचा, त्यातले नमुने शोधायचा आणि कुठे चुकलं ते सांगायचा. अपेक्षा अशी की सगळ्यात कच्च्या लोकांना सगळ्यात जास्त फायदा व्हावा. झालं वेगळंच. मधल्या फळीतले लोक सर्वाधिक सुधारले. तळाच्या लोकांना सूचनांचा भडिमार झेपला नाही. अव्वल विक्रेत्यांना यंत्राने शिकवावं हेच रुचलं नाही. पुढे तळाच्या गटाला सूचना मोजक्याच दिल्या, तेव्हा त्यांचंही काम सुधारलं. आणि विश्लेषण एआयने करायचं, पण सांगायचं मानवी मॅनेजरने, अशी जोडी लावली तेव्हा ती एकट्या एआयला आणि एकट्या मॅनेजरला, दोघांनाही भारी पडली.

नाशिकच्या द्राक्षवाल्यांना यात काहीच नवल वाटणार नाही. ऑक्टोबर छाटणीआधी निफाड-दिंडोरीचे बागायतदार काडी तपासणीला पाठवतात. सूक्ष्मदर्शकाखाली कितव्या डोळ्यात घड आहे ते दिसतं. पण तो अहवाल कुणी छाटणीच्या टोळीला वाचून दाखवत नाही. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या टोळीचा मुकादम पहिल्या एक-दोन वेली स्वतः छाटतो, 'इथून मार, याच्या खाली नको' एवढंच म्हणतो, आणि मग नव्या पोराच्या हाताकडे बघत उभा राहतो.

आता हेच अंबडच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये आणून बघू. समजा, आयटीआय करून आलेला मुलगा सीएनसी लेथवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथवर, शाफ्ट काढतोय. इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं टोक, झिजत जातो तसा शाफ्टचा बाहेरचा व्यास मायक्रॉन-मायक्रॉनने वाढत जातो. ऑपरेटरने मधूनमधून मायक्रोमीटर लावायचा आणि मशीनला ऑफसेट द्यायचा, की टूल तेवढं आत सरकतं. पाळीच्या शेवटी सॉफ्टवेअर त्याच्या नावावर अहवाल काढतं: सायकल टाइम वाढला, ऑफसेट उशिरा दिला, दोन जॉब रिजेक्ट, दार जास्त वेळ उघडं राहिलं, इन्सर्ट वेळेवर बदलला नाही, पहिल्या जॉबच्या तपासणीची नोंद नाही. सहा मुद्दे, सहाही खरे.

आणि सहाही मुद्दे त्या मुलाच्या काहीच उपयोगाचे नाहीत. कारण त्याने ऑफसेट उशिरा दिला तो आळसाने नव्हे. मागच्या महिन्यात त्याचा पॉइंट एक घर चुकला, ०.०२ ऐवजी ०.२ पडलं, जॉब भंगारात गेला आणि सगळ्या शॉपसमोर उद्धार झाला. तेव्हापासून तो स्क्रीनला हात लावायलाच घाबरतो. व्यास अगदी टॉलरन्सच्या, म्हणजे चालू शकणाऱ्या फरकाच्या, काठावर येईपर्यंत तो थांबतो. ही भीती कुठल्याही सेन्सरला दिसत नाही. ती बाहेर यायला कुणीतरी मशीनजवळ जाऊन 'काय रे, ऑफसेट द्यायला एवढा का थांबतोस?' असं विचारावं लागतं. तेही अशा सुरात, की तो खरं बोलेल.

हा सूर म्हणजे 'सॉफ्ट स्किल' म्हणून बाजूला टाकण्याची गोष्ट नाही. एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधक १९९०च्या दशकात रुग्णालयांत औषध देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास करत होत्या. चांगल्या गटांत चुका कमी असतील असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटे आले: ज्या गटांत नेतृत्व आणि परस्परसंबंध चांगले, तिथे चुकांची नोंद जास्त! उलगडा नंतर झाला. तिथे चुका जास्त होत होत्या असं नव्हे, त्या उघडपणे सांगितल्या जात होत्या. १९९९ मध्ये त्यांनी एका उत्पादक कंपनीतल्या ५१ गटांवर काम करून दाखवलं की बोललं तर अपमान होणार नाही, असा भरवसा असलेले गट जास्त शिकतात आणि त्यातून त्यांचं काम सुधारतं. या भरवशाला मानसशास्त्रज्ञ 'मानसिक सुरक्षितता' म्हणतात.

एआयच्या संदर्भात या निष्कर्षाला एक वेगळीच धार येते. एआय शिकतो तो नोंदींवर. ज्या कारखान्यात 'बोट थोडक्यात वाचलं' हे कुणी सांगतच नाही, तिथला डॅशबोर्ड हिरवागार दिसणार आणि एआय त्याच हिरवळीवरून निष्कर्ष काढणार. कंत्राटी कामगार तर अशी गोष्ट सांगण्याआधी दहादा विचार करतो, कारण पुढच्या महिन्यात गेटपास मिळेल की नाही याचीच त्याला खात्री नसते. म्हणजे माणसामाणसातला संवाद आटला तर एआयचीही गुणवत्ता घसरते. सॉफ्टवेअर विकणारे हा भाग सहसा सांगत नाहीत.

त्यात बैठकीचं रेकॉर्डिंग, कॅमेऱ्यातून चेहऱ्यावरचे भाव ओळखणं असल्या सोयी आल्या की माणसं आणखीच तोंड मिटून घेतात. युरोपीय संघाने आपल्या एआय कायद्याखाली कामाच्या ठिकाणी कर्मचाऱ्यांच्या भावना ओळखणाऱ्या प्रणालींवर २ फेब्रुवारी २०२५ पासून बंदी घातली आहे. वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं तेवढी वगळली. मला ती बंदी योग्य वाटते. थकलेला चेहरा आणि नाराज चेहरा यांत आपल्या घरच्यांचीही गल्लत होते.

एवढं वाचून एआयला कारखान्याबाहेर काढावं असं वाटलं असेल, तर तेही चूक ठरेल. एरिक ब्रिन्योल्फसन, डॅनिएल ली आणि लिंडसे रेमंड यांनी २०२३ मध्ये ग्राहकसेवेतल्या ५,००० हून अधिक कर्मचाऱ्यांचा अभ्यास मांडला. ग्राहकाशी चॅट चालू असताना एआय त्यांना उत्तरं सुचवायचा. तासाला सोडवलेल्या तक्रारी सरासरी १४ टक्क्यांनी वाढल्या. नवख्या आणि कमी कौशल्याच्या लोकांत ३४ टक्क्यांनी. मुरलेल्यांना फारसा फरक पडला नाही. यामागचं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: एआयने पट्टीच्या कर्मचाऱ्यांची बोलण्याची धाटणी उचलली होती आणि ती नवख्यांच्या हाती दिली होती. १९६४ पासून विमानांचं काम चालू असलेल्या ओझरसारख्या ठिकाणी, किंवा सातपूरच्या जुन्या टूलरूममध्ये, निवृत्त होणाऱ्या माणसाबरोबर किती ज्ञान घरी जातं याचा विचार केला तर ही छोटी गोष्ट नाही.

पण थांबा. लुओंच्या अभ्यासात कच्चे लोक गांगरले, इथे त्यांनाच सर्वाधिक लाभ झाला, हे कसं? माझ्या मते फरक सांगण्याच्या रीतीत आहे. इथे एका वेळी एक सूचना, नेमकी हवी त्या क्षणी, आणि पटली नाही तर सोडून द्यायची मोकळीक. तिथे काम संपल्यावर दोषांची यादी. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ मध्ये अभिप्रायावरच्या जुन्या अभ्यासांतले ६०७ निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी अभिप्रायानंतर काम उलट बिघडलेलं आढळलं. लक्ष कामावरून हटून 'मी कसा आहे' याकडे वळलं की अभिप्राय अंगाशी येतो, असं त्यांचं स्पष्टीकरण. कॅन्टीनच्या भिंतीवर क्रमवारी झळकवणाऱ्या स्क्रीनने हेच होतं, मग तो स्क्रीन एआयने चालवलेला असो नाहीतर खडूने लिहिलेला फळा असो.

साहेबांच्या स्वतःच्या बाबतीत धोका वेगळा आहे. हल्ली बरेच मॅनेजर रात्री चॅटबॉटला विचारतात: 'आज मी त्याला झापलं, बरोबर केलं ना?' चॅटबॉटमागचं भाषिक प्रारूप मुळात पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधायला शिकतं; नंतर माणसांनी दिलेल्या पसंतीवरून त्याला वळण लावलं जातं. माणसांना आपल्या मताला दुजोरा देणारी उत्तरं आवडतात, त्यामुळे प्रारूपही हो ला हो करायला शिकतं. संशोधकांनी ही खोड अनेक प्रारूपांत दाखवून दिलीय. ध्येय ठरवणं, त्याचा पाठपुरावा करणं, कठीण बोलण्याची आधी तालीम करणं, यासाठी चॅटबॉट उपयोगी आहे. पण 'तुझंच चुकलं' हे ऐकायचं असेल तर आपल्याशी बरोबरीने वागणारा एखादा सहकारी गाठावा. चॅटबॉटलाच विचारायचं असेल तर निदान प्रश्न उलटा करावा: 'त्या मुलाच्या बाजूने माझ्याविरुद्ध तक्रार लिहून दे.' उत्तर वाचायला जड जातं, पण कामाचं असतं.

शेवटी प्रश्न उरतो वेळेचा. अहवाल, पाळीचं नियोजन, शेऱ्यांचा कच्चा मसुदा ही कामं एआयकडे गेली की सुपरवायझरचा दिवसाचा तास-दीड तास मोकळा होऊ शकतो. डेमो द्यायला आलेला विक्रेता हा वाचलेला वेळ मोठ्या अक्षरांत दाखवतो. त्या बैठकीत मालकाला एवढंच विचारावं, की हा तास कुणाला मिळणार? ऑफसेटला घाबरणाऱ्या त्या मुलाच्या मशीनजवळ उभं राहायला तो वापरला जाणार असेल तर सॉफ्टवेअर जरूर घ्यावं. आणि 'आता एकच सुपरवायझर दोन लाइन बघेल' असं उत्तर आलं, तर त्याला मनुष्यबळ कपात म्हणावं आणि युनियनशी त्याच नावाने बोलावं. पत्रकात त्याला 'एआय-आधारित नेतृत्व विकास' असं नाव देऊ नये.